हंपवरचा अपघात आणि निनावी यजमान

जपानी सैन्याने १९४२ साली ब्रह्मदेश जिंकला आणि चीनला रसद पोचवणारा खुश्कीचा मार्ग तुटला. उरला तो आकाशमार्ग : आसामातून पूर्वेकडील पर्वतरांगा ओलांडून कुनमिंगला. वैमानिक त्याला ‘हंप’, म्हणजे कुबड, म्हणत. या वाटेवर शेकडो विमाने कोसळली.

२ ऑगस्ट १९४३ रोजी छाबुआहून निघालेल्या अमेरिकन सी-४६ विमानाचे डावे इंजिन नागा डोंगरांवर निकामी झाले. त्यात २१ जण होते. नभोवाणी वार्ताहर एरिक सेव्हराइड आणि मुत्सद्दी जॉन पेटन डेव्हिस त्यांपैकीच. २० जण हवाईछत्रीने वाचले. सहवैमानिक चार्ल्स फेलिक्स दगावले. जखमींसाठी लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर यांनी दोन सहायकांसह त्याच दिवशी जंगलात उडी घेतली. पुढे मोकोकचुंगचे ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबत्यांसह पायी तेथे पोचले आणि सर्वांना डोंगरवाटांनी बाहेर घेऊन आले.

ही झाली सुटकेची परिचित कथा. तिच्यात नावे आहेत ती उडी घेणाऱ्यांची आणि शोधायला येणाऱ्यांची. मधले दोन आठवडे ज्यांनी या अनाहूत पाहुण्यांना आपल्या गावाजवळ राहू दिले, त्यांची ओळख मात्र ‘शिरच्छेद करणारे’ एवढीच उरते. रॉबर्ट लायमन यांच्या २०१६ सालच्या पुस्तकाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे.

या भयाला दुसरी बाजूही आहे. १९३६ साली जे. पी. मिल्स यांच्या दंडमोहिमेने याच मुलखातले पांगशा गाव जाळले होते. गुलामांसाठी होणारे छापे हे त्याचे कारण. मोहिमेसोबत मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ होते आणि त्यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिले. म्हणजे गोऱ्या माणसाची भीती बाळगायला डोंगरातल्या लोकांनाही ताजे कारण होते. तरीही आकाशातून पडलेली माणसे जिवंत परतली. सेव्हराइड यांचे आत्मकथन १९४६ साली प्रसिद्ध झाले; यजमानांचे कथन कोणी लिहून घेतले नाही. साधनांचा विचार करताना आपण ही पोकळी लक्षात घेतली पाहिजे, कारण मौन म्हणजे अनुपस्थिती नव्हे.

हा प्रश्न दूरच्या डोंगरांपुरता नाही. भिवंडीहून माळशेज घाट चढला की जुन्नर येते. तेथील डोंगरात ७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचे प्रवासी विमान कोसळले आणि ९४ जण मृत्युमुखी पडले. त्या पावसाळ्यातल्या दिवसांची स्मृती बाळगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, इतपत अवधी अजून आपल्या हाती आहे.