भक्षक पेशींचा आत्मनाश

रक्ती आमांशास कारणीभूत असलेला शिगेला हा जीवाणू जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ च्या साथीत शोधून काढला. त्यांचेच नाव त्याला मिळाले. दूषित अन्नपाण्यावाटे हे जीवाणू मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील अस्तराखाली मॅक्रोफेज या भक्षक पेशी पहारा देत असतात. जीवाणूंना गिळून पचविणे हे त्यांचे काम. मात्र शिगेलाला गिळल्यावर काही वेळातच या पेशी स्वतःच मरून पडतात.

ही बाब १९९२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दाखवून दिली. प्रारंभी हा 'अपॉप्टोसिस', म्हणजे पेशींचा शांत, नियोजित मृत्यू मानला गेला. त्यात पेशी आक्रसते आणि तिचे तुकडे शेजारच्या पेशी गुपचूप साफ करतात. येथे मात्र पेशी फुगून फुटते आणि दाह निर्माण करते. या वेगळ्या मृत्यूला कुकसन आणि ब्रेनन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये 'पायरॉप्टोसिस' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'पायरो' म्हणजे अग्नी.

हा अग्नी पेटतो तो जीवाणूच्याच हत्यारामुळे. शिगेलाच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून तो आपली प्रथिने मानवी पेशीत घुसवितो. पण त्या सुईचेच प्रथिन त्याला उघडे पाडते. पेशीतील 'नायप' हे प्रथिन ते ओळखते आणि 'एनएलआरसी४' या प्रथिनाचे रेणू चक्राकार जुळतात. त्यातून 'कॅस्पेज-१' हे विकर जागे होते व 'गॅसडर्मिन-डी' या प्रथिनाचे दोन तुकडे करते. त्यांपैकी एक तुकडा पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतो. हा दुवा २०१५ मध्ये उलगडला. छिद्रांतून पाणी आत शिरते, पेशी फुटते आणि बाहेर पडलेले इंटरल्यूकिन-१ बीटा इतर श्वेतपेशींना पाचारण करते.

थोडक्यात, जीवाणूचा आसरा नष्ट करण्यासाठी पेशी आत्माहुती देते. परंतु शिगेला या आहुतीचाही लाभ उठवितो. मुक्त झालेले जीवाणू अस्तराच्या पेशींत खालच्या बाजूने शिरतात आणि तेथे वाढण्यासाठी हीच धोक्याची घंटा बंद पाडतात. त्यांचे 'ओएसपीसी३' हे प्रथिन कॅस्पेज-४ ला निकामी करते, तर 'आयपीएएच७.८' हे मानवी गॅसडर्मिन-डी नष्ट करविते, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले.

या घंटेचे मोल उंदरांवरील प्रयोगातून कळते. एरवी उंदरांना शिगेलाची बाधा सहजी होत नाही. मात्र त्यांच्यातील नायप व एनएलआरसी४ ही यंत्रणा काढून टाकताच त्यांनाही आमांशासारखा आजार जडला, असे २०२० मध्ये आढळले.

फ्लुरोक्विनोलोन या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या शिगेलाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये चिंताजनक जीवाणूंच्या यादीत केला. त्यामुळे जीवाणूऐवजी त्याची प्रथिने निष्प्रभ करण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. मात्र हा अग्नी अनावर भडकला, तर तो शरीरालाच घातक ठरतो. म्हणूनच तो विझविण्यापेक्षा आटोक्यात ठेवणे, हेच खरे आव्हान आहे.