सुरत अठ्ठाविशीचे जुने नकाशे

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर १६६४ आणि १६७० ही दोन साले प्रथम उभी राहतात. शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्या भूमीवरून ते घोडदळ आले आणि परतले, ती भूमी पुढे कोणी, केव्हा व कशासाठी मोजली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा मुलूख काळ्या जमिनीचा, कापसाचा, गायरानांचा आणि भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खाजणांचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो खनिज तेलाचा व वायूचाही झाला. या बदलांचा सर्वांत निःशब्द साक्षीदार म्हणजे त्याचे नकाशे होत.

सुरतेची पहिली रेखाटने समुद्राकडून झाली. शहर तापीच्या काठी, मुखापासून आत. मोठी गलबते मात्र मुखाच्या उत्तरेस सुवाळीच्या आश्रयाला नांगर टाकीत. १६१२ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांची लढाई झाली ती याच सुवाळीपाशी. युरोपीय दर्यावर्द्यांच्या नकाशांत ही जागा ‘स्वाली’ या नावाने येते. त्यांना जमिनीशी कर्तव्य नव्हते. पाण्याची खोली आणि वाळूचे दांडे एवढेच त्यांना हवे होते. १६६४ मध्ये शहराला मातीचा तट होता. त्यानंतर पक्क्या विटांचा तट उभारला गेला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याबाहेर दुसरा तट आला. या दुहेरी तटातील शहराचा सुमारे १७३० सालचा एक मोठा रंगीत नकाशा जयपूरच्या राजसंग्रहात आहे. देशी चित्रकाराच्या हातचे हे नगरदर्शन युरोपीय नकाशांहून निराळ्या परंपरेतले आहे.

खुष्कीच्या मार्गाची मापे आली ती मात्र युद्धाच्या निमित्ताने. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्ड काल्पीहून निघाला आणि बऱ्हाणपूरमार्गे फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेस पोहोचला. फौजेबरोबर वाटेचे मोजमापही चालले होते. जेम्स रेनेल याने आपल्या हिंदुस्थानच्या नकाशासाठी या मोजमापांचा उपयोग केला. अशा नकाशाचे स्वरूप उघडच एका रेषेचे होते. फौज जिथून गेली तेवढाच मुलूख कागदावर उमटला. उजव्या-डाव्या हाताची गावे कोरीच राहिली.

हे कोरेपण इंग्रजांना फार काळ परवडणारे नव्हते. सुरतेभोवतालच्या महालांना ‘सुरत अठ्ठाविशी’ म्हणत आणि त्यांच्या वसुलात पेशवे व गायकवाड यांचे हिस्से गुंतलेले होते. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला आणि १८०० मध्ये शहराचा कारभार इंग्रजांकडे गेला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचे या भागातील हक्कही त्यांना मिळाले. हक्क मिळाले, पण हद्दी? त्या तर गावोगावच्या पाटलांना व देसायांनाच ठाऊक. १७९६ पासून मुंबई इलाख्याचा सर्व्हेयर जनरल असलेल्या चार्ल्स रेनल्ड्सने पश्चिम हिंदुस्थानचा मोठा नकाशा रचला. गोऱ्या अधिकाऱ्यास जाणे कठीण अशा भागांत त्याने देशी माणसे पाठवून माहिती आणविली. नकाशावर नाव मात्र रेनल्ड्सचे राहिले. त्याच्यामागून त्या जागी आलेला मोनियर विल्यम्स याने शेजारच्या भरूच जिल्ह्याची तपशीलवार पाहणी केली. तिचा वृत्तांत १८२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ग्रंथप्रेमींना हे नाव निराळ्या कारणाने परिचित असेल. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते सर मोनियर मोनियर-विल्यम्स हे याचेच पुत्र. पित्याने गावे मोजली, पुत्राने शब्द.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशाची मोजणी दोन स्वतंत्र वाटांनी झाली, आणि हा भेद ध्यानी घेतल्याखेरीज जुन्या नकाशांचा अर्थ लागत नाही. पहिली वाट महसुली मोजणीची. शंकुसाखळी घेऊन मोजणीदार शेतात उतरला. त्याने बांध पाहिले, हद्दीचे दगड रोवले आणि गाव नकाशा तयार केला. कोणाचे शेत, कोणती पड, कोणते गायरान हे त्या कागदावर सापडते. दुसरी वाट त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. तिच्या पायावर स्थलदर्शक नकाशे उभे राहिले. टेकडी, ओढा, गाडीवाट, विहीर, तलाव, देऊळ हे त्यांचे विषय. जमिनीच्या मालकाशी त्यांना देणेघेणे नाही. म्हणूनच गुराख्याची पाऊलवाट आणि गुरांचा पाणवठा स्थलदर्शक नकाशात दिसेल, पण त्या गवताळ जागेवर गावाचा हक्क होता की नव्हता, हे गाव नकाशाच सांगेल. एकावर विसंबून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या अभ्यासकाची येथे फसगत होते.

हद्दींचे जाळे तर विलक्षणच होते. ब्रिटिश सुरत जिल्हा, बडोदे सरकारचा नवसारी प्रांत, सचीनची नबाबी, बांसदा व धरमपूर ही संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. गायकवाडांचे आरंभीचे ठाणे सोनगड याच नवसारी प्रांतात होते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले. डांग गुजरातेत राहिला आणि ठाणे व पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील काही गावेही तिकडे गेली. त्या काळच्या वादाचा अभ्यास करताना जुने नकाशे जवळ हवेतच. कारण बोलीची सीमा आणि कागदावरची सीमा कोठे जुळली आणि कोठे जुळली नाही, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

त्याच वर्षी या प्रदेशाच्या पोटातली संपत्ती उघड झाली. तापी-नर्मदा खोऱ्याच्या भूस्तरांचे वर्णन विल्यम ब्लॅनफर्ड याने १८६९ मध्येच केले होते. पण अंकलेश्वरच्या सपाट जमिनीखालची घडी नकाशावरच्या समोच्चरेषांनी सांगण्याजोगी नव्हती. ती भूकंपतरंगांच्या साहाय्याने शोधावी लागली. १९६० मध्ये तेथे तेल लागले. पंडित नेहरूंनी त्या विहिरीस ‘वसुधारा’ हे नाव दिले. पुढे सुरत जिल्ह्यात कोसंबा, ओलपाड या भागांतही तेल मिळाले. ऐंशीच्या दशकात समुद्रातील वायू हजिऱ्यास किनाऱ्यावर आला आणि तेथून उत्तरेकडे लांब वाहिनी गेली. सुवाळी, हजिरा, मोरा ही जुन्या नकाशांतली खाजणाकाठची लहान गावे. त्यांच्या आसपास आता कारखाने उभे आहेत.

नकाशांनी जपले आणि माणसांनी गमावले असेही पुष्कळ आहे. उकाई धरण १९७२ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाखाली अनेक आदिवासी गावे गेली. त्यांच्या वाटा, विहिरी, पाडे आणि नावे जुन्या तावावर अजून जागच्या जागी आहेत. उलट ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. रांदेर-अडाजणकडील ज्या सखल भूमीवर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, ती नदीची आहे, हे जुना नकाशा केव्हाचा सांगत होता.

तो पाहणार कोण, हाच खरा प्रश्न. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीत सुरत शहर ४६ सी/१६ या तावावर येते. परंतु समुद्रकिनारा व सरहद्द यांलगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे नकाशे स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ प्रतिबंधित होते. सुरतेच्या नागरिकास आपल्याच शहराचा तपशीलवार ताव विकत घेता येत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सामान्य जनतेसाठी स्वतंत्र मालिका ठरविली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेली पुष्कळ बंधने सैल केली. नवे नकाशे आता सुलभ झाले. जुन्यांची मात्र तशी शाश्वती नाही. घडीवर घडी पडून कागद तुटतो, कापडी पाठ विरते, आणि ग्रंथसूचीत न नोंदलेली सुरळी रद्दीत जाते.

ग्रंथालये ग्रंथ जपतात. नकाशालाही तितकाच मान मिळावयास हवा. तो सपाट ठेवावा, त्याचे साल, प्रमाण व तावक्रमांक सूचीत नोंदवावे, आणि मागणाऱ्यास तो दाखवावा. बुडालेल्या गावचा एखादा वृद्ध नातवास घेऊन येईल, तावावरील एका बारीक ठिपक्यावर बोट ठेवील आणि म्हणेल, ‘आपले घर इथे होते.’ एवढ्यासाठी तरी तो ताव शाबूत असला पाहिजे.