वऱ्हाडातील घाव आणि उपचार
ज्वारीच्या कापणीत विळ्याचा घाव बसला, वा कापूस वेचताना वाळल्या बोंडाच्या टोकाने मजुरणीची बोटे ओरबाडली, की धुऱ्यावरच्या एकदांडीचा पाला चोळून त्याचा रस जखमेत पिळावा आणि रक्त न थांबल्यास हळद किंवा जाळलेल्या चिंधीची राख दाबावी, हा अकोला-अमरावती मुलखातील जुना रिवाज. ही एकदांडी मूळची उष्ण अमेरिकेतली. परमुलखातून आलेल्या तणाचा गुण हेरणाऱ्या लोकवैद्यकाविषयी मला आदरच वाटतो.

शास्त्रोक्त विचार याहून पुष्कळ प्राचीन. छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सद्योव्रणाचे, म्हणजे ताज्या जखमेचे, सहा भेद सांगणाऱ्या सुश्रुतसंहितेने, आत धूळ, केस वा शल्य राहिले असता व्रण शिवू नये, आधी तो शुद्ध करावा, असा जो दंडक घातला, तो आजही शल्यचिकित्सकाला मान्य आहे.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली आले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि 1867 साली, ज्या वर्षी लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला, त्याच वर्षी इंग्रज शल्यचिकित्सक लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असल्याने तो रक्त शोषत नाही. क्षारात उकळून तो थर काढल्यावरच मलमपट्टीचा कापूस तयार होतो. कापसाच्या या मुलखातही, म्हणून, शेतातला कापूस जसाच्या तसा जखमेच्या कामाचा नव्हता.

पाल्याने वा राखेने रक्त थांबे, परंतु माती आणि शेण यांत वसणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंपुढे दोन्ही उपाय निष्प्रभ होते. त्यावरील प्रतिविषाचा शोध बेरिंग आणि कितासातो यांनी 1890 साली लावला.