अद्भुतकथा, सोंग आणि सत्य

सिल्वासा येथील धर्मशिक्षकांच्या एका बैठकीत आम्हांस एक प्रश्न विचारण्यात आला. काही शाळकरी मुले राक्षस, जादूगार आणि काल्पनिक राज्ये यांच्या कथा वहीत लिहितात आणि त्यांतील पात्रे होऊन फाशांच्या साहाय्याने तासन्‌तास खेळतात. त्यांना हे शिकू द्यावे की त्यापासून परावृत्त करावे? प्रश्न नवा वाटला तरी त्याची मुळे जुनी आहेत. म्हणून प्रथम इतिहासाकडे वळू.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर प्रत्येक जण आपल्या पात्राने काय करावे ते ठरवून बोलतो. जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फासे निर्णय देतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती लोकांनी, यातून भूतविद्या शिकविली जाते या समजुतीने, खेळास कडाडून विरोध केला. त्यांची भीती प्रामाणिक होती; परंतु त्यांनी पात्रांची नावे पाहिली, कथा मनुष्याचे काय करते हे फारसे पाहिले नाही.

मराठीत हा प्रश्न कादंबरीच्या जन्माबरोबरच उभा राहिला. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. मराठीतील ही पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या दुःखाचे दर्शन घडविण्यासाठी या ख्रिस्ती लेखकाने नित्याचे जीवनच निवडले. पुढे १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात मन वेधून घेणारे फारसे नसते, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन त्यांनी प्रस्तावनेत केले. एकाने सत्यासाठी अद्भुत बाजूस ठेवले, दुसऱ्याने रंजनासाठी ते जवळ केले. अद्भुत हेच सत्याचे वाहन होऊ शकेल काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर आम्हांस जे. आर. आर. टॉल्किन या कॅथलिक लेखकाकडे आढळते. त्यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे परीकथांविषयी व्याख्यान दिले. त्याचा विस्तारित निबंध १९४७ साली प्रसिद्ध झाला. मनुष्य निर्मात्याच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून तोही निर्माण करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र ही निर्मिती स्वैर नसते. हिरवा सूर्य असे कोणीही म्हणेल. ज्या जगात तो खरा वाटेल ते जग रचण्यास श्रम व विचार लागतात. त्या सूर्याखाली नागलीचे पीक कसे दिसेल, सावलीचा रंग कोणता असेल, हे लेखकाने ठरविले पाहिजे आणि एकदा ठरविलेला नियम स्वतःच्या सोयीसाठी मोडता कामा नये. या कलेचा पहिला धडा शिस्तीचा आहे.

सोंगाविषयीचा धडा तर आमच्या परिसरातच आहे. दादरा-नगर हवेलीत आणि शेजारच्या जव्हार-मोखाडा भागात कोकणा, वारली आदी समाजांत भवाडा होतो. मोखाड्याकडे त्यास बोहाडा म्हणतात. रात्री सांबळ-सनईच्या नादावर देवदैत्यांचे मुखवटे घातलेली सोंगे एकामागून एक येतात. तो त्या लोकांच्या उपासनेचा भाग आहे. त्यास केवळ खेळ म्हणणे अनुचित होईल. तरीही त्यातील मर्यादा ध्यानात घेण्याजोगी आहे. सोंगाला क्रम असतो, वेळ असते, अंगण असते. उजाडल्यावर मुखवटा उतरतो आणि मनुष्य आपल्या शेताकडे जातो.

पवित्र शास्त्रातही रचलेल्या कथेचे सामर्थ्य दिसते. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरीब माणसाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो (२ शमुवेल १२). राजा कथेत शिरतो, न्यायाधीश होतो, संतापून निकाल देतो. आणि तो निकाल त्याच्याच माथी येतो. सरळ उपदेशापुढे कदाचित बंद राहिले असते ते दार कथेने उघडले.

म्हणून आम्ही त्या धर्मशिक्षकांस सुचविले की, मुलांच्या वह्या जप्त करू नका, त्या वाचा. मुलांना तीन प्रश्न विचारा. तुझ्या जगाचा नियम कोणता, आणि तू तो पाळतोस काय? तेथे केलेल्या कृत्याचे फळ कोणाला भोगावे लागते? मुखवटा उतरविल्यावर तू घरच्या माणसांकडे परत येतोस काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले तर तेथे आपले काम आहे. पण ते काम त्या मुलाच्या एकाकीपणाशी आहे, राक्षसांशी नव्हे.