काळाढुंगीची शाळा

मंडळी, जंगलात तगून राहण्याचा विषय निघाला की आपल्या पिढीच्या डोळ्यासमोर काय येतं? टीव्हीवर किडे खाणारा एखादा गोरा आणि त्याच्या हातातला भलामोठा चाकू! मग आपणही महागडी सॅक, कंपास, हेडलॅम्प असा जामानिमा करून शनिवारी पहाटे बाहेर पडतो. हौसेला मोल नाही, हे कबूल. पण ही विद्या ज्यांना खरोखर येत होती, त्यांच्याकडे सामान फारच कमी असायचं.

जिम कॉर्बेटचंच बघा ना. जन्म २५ जुलै १८७५, नैनिताल. वडील तिथले पोस्टमास्तर, ते १८८१ साली वारले. घरात पोरं भरपूर, पैसा बेताचा. हिवाळ्यात सगळं बिऱ्हाड खाली काळाढुंगीला यायचं, आणि तिथं घराला लागूनच जंगल. पोराचं पहिलं हत्यार म्हणजे बेचकी. पुढे ठासणीची दुनळी बंदूक मिळाली, तीही एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेनं बांधलेला. म्हणजे बार एकच. नेम चुकला की खेळ खलास!

लहानपणी त्याला जंगलाची भीतीही वाटायची. घरी येणारा एक आयरिश माणूस मुलांना भुताच्या गोष्टी सांगायचा, आणि झाडीतून खरंच किंचाळल्यासारखा आवाज यायचा. एके दिवशी जिमनं धीर करून त्या आवाजाचा माग काढला. वाऱ्यानं दोन झाडं एकमेकांवर घासत होती, बस्स! आपल्या भाषेत सांगायचं तर पठ्ठ्यानं भूत डीबग केलं.

त्याचा मोठा गुरू म्हणजे कुंवरसिंग. जातीनं ठाकूर, गावचा मुखिया आणि पंचक्रोशीतला एक नंबरचा चोरटा शिकारी. आता 'चोरटा' का, तर १८७८ च्या कायद्यानं सरकारनं जंगलं राखीव केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं वावरणारी माणसं एका फटक्यात गुन्हेगार ठरली. अशा माणसांकडून आणि स्वतःच्या भटकंतीतून हा मुलगा शिकत गेला. वानर ओरडलं, चितळ ओरडलं, तर कशाला बघून? आवाज नेमका कुठून आला? पाऊलखूण ताजी की शिळी? पुढे नरभक्षक वाघांमागे फिरताना त्याला याच सवयींनी वाचवलं. त्याचं निरीक्षण असं, की माणसाला वास येत नाही हे वाघाला ठाऊक नसतं. त्यामुळे आपला वास सावजापर्यंत जाऊ नये म्हणून तो वारा जिकडे वाहत असतो त्या बाजूनं येतो. म्हणजे नजर कुठे जास्त ठेवायची हे वाराच सांगतो! हे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आणि आता खरी गंमत. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. इंग्रजांच्या फौजेकडे तोफा होत्या, पण जंगलात कसं वावरायचं हे सैनिकांना माहीत नव्हतं. १९४४ मध्ये सरकारनं ६८ वर्षांच्या कॉर्बेटला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा दिला आणि ब्रह्मदेशच्या लढाईसाठी सैनिकांना जंगलविद्या शिकवायला पाठवलं. कुठे? तर छिंदवाड्याला! आपल्या नागपूरच्या उत्तरेला. तेव्हा तो भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूरच होती.

म्हणजे बघा, ज्या विद्येतल्या माणसांना सरकारनं कायदा करून चोर ठरवलं, तीच विद्या साठ-सत्तर वर्षांनी सरकारला आपली पोरं जिवंत राहावीत म्हणून शिकवावी लागली. कर्नलचा हुद्दा अर्थातच साहेबाला. कुंवरसिंगाचं नाव आपल्याला कळतं तेही कॉर्बेटनं प्रेमानं लिहून ठेवलं म्हणून.

असो. पुढच्या ट्रेकला सॅक भरा हवी तेवढी. पण सोबत वाट दाखवायला गावातला एखादा मामा असेल आणि तो मध्येच थबकून कान देत उभा राहिला, तर दोन मिनिटं गप्प बसा. आणि मग त्याला विचारा, "मामा, काय ऐकलंत?"