चार कलमांचा कायदा आणि पुण्यातील प्लेग

इंग्रजी अमदानीतील कायदे एरवी पाल्हाळिक असत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथीच्या रोगांचा कायदा मात्र अवघ्या चार कलमांत आटोपतो. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास सरकारने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत, ही मोकळीक. तिसऱ्यात, हुकूम मोडणाऱ्यास दंडविधानाच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्भावनेने काही करणाऱ्यावर दावा चालणार नाही, ही हमी. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण तो 'द्यायची झाल्यास' अशा थाटाचा. सरकारने काय करू नये याविषयी एक अक्षरही नाही.

व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्यांना साथीचा रोग हा फार अडचणीचा विषय आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. मिलने १८५९ मध्ये आखून दिलेली मर्यादा अशी की, दुसऱ्यास होणारी इजा टाळण्यापुरतीच माणसावर सक्ती करावी. परंतु संसर्ग ही नेमकी दुसऱ्यास होणारी इजा. म्हणजे मिलच्या आधाराने विलगीकरणाला सरसकट विरोध करता येत नाही. मिल आणि स्पेन्सर पचवलेले आगरकर १८९५ मध्येच वारले, नाहीतर या पेचावर त्यांनी काय लिहिले असते हे वाचायला मिळाले असते. आमच्या मते खरा प्रश्न सक्ती असावी की नसावी हा नाही. इजा कोणी सिद्ध करायची, उपाय कितपत न्यायचा आणि तो चुकला तर उत्तर कोणी द्यायचे, हा आहे. चौथे कलम यातला शेवटचा प्रश्नच पुसून टाकते.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला. लवकरच तो पुण्यात पोहोचला. तेथे प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी आला आणि १३ मार्च १८९७ पासून आठशे-नऊशेच्या घरात सैनिक घरझडतीस लागले. संशयितांना इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे. चीजवस्तू जाळायच्या, जमिनी उकरायच्या, भिंतींना चुना फासायचा. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध सैनिकाने ठेवावा, ही अपेक्षाच फोल होती. तक्रार केवळ सोवळ्यातल्या पुण्याची होती असेही नाही. सनातन्यांशी उभे वैर असलेल्या पंडिता रमाबाईंनीही मे महिन्यात प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी वृत्तपत्राला पत्र लिहिले.

आता या खटाटोपामागचे ज्ञान तपासू. जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा येतो हे ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये मांडला. तो मान्य व्हायला १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन उजाडावे लागले. तोवर दोष जमिनीत, ओलीत, कपड्यांत आणि 'नेटिवां'च्या सवयींत शोधला जात होता. जमीन उकरल्यावर बिळातला उंदीर शेजारच्या घरात जाई. औषधाच्या फवाऱ्याला तो दाद देत नसे. उलट उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालायची, ही रीत खेड्यापाड्यांतून रुळली आणि पुढे सरकारी अहवालांनीही घरे रिकामी करण्याचा गुण मान्य केला. हायेक ज्याला विखुरलेले ज्ञान म्हणतो त्याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस आठवत नाही.

पण म्हणून लोकांचे सारेच गोड मानू नये. मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून पळाली आणि तिच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. लोक आजारी माणसे दडवीत, मरण लपवीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड इस्पितळावरच हल्ला केला. टिळकांनी सुरुवातीस लोकांना उपायांशी सहकार्य करण्यास सांगितले, पळणाऱ्या पुढाऱ्यांना फटकारले, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढले. त्यांचा रोष उपायांवर नव्हता, अंमलबजावणीवर होता. हा भेद आज बरेचजण विसरतात.

सक्तीवाचून काय साधते याचेही दाखले त्याच काळात आहेत. मुंबईत जनरल गॅटेकर याने जातीजमातींच्या पुढाऱ्यांना विचारात घेतले आणि त्यांना आपापली इस्पितळे काढू दिली. हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी ती अनुयायांदेखत घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रुग्ण पोहोचवता पोहोचवता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. रँडच्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस होते.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलै रोजी मेला. खुनाचे समर्थन आम्ही करीत नाही. मात्र त्याआधी दाद मागण्याच्या वाटा किती उरल्या होत्या? कोर्ट चौथ्या कलमाने बंद. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर सैनिकांविरुद्ध गंभीर आरोप केले. परतल्यावर पुराव्यासाठी कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. अब्रू गेलेल्या बाईने साक्षीला उभे राहावे तरी कुठे आणि कोणापुढे? टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. चौकशीचा हक्क असता तर आरोप खरे ठरले असते किंवा खोटे, पण काहीतरी ठरले असते. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यातले काय घडले आणि काय कुजबुजीने वाढवले, हे निवडता येत नाही.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका विणकराच्या घरी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर सरकार पायरीपायरीने सक्तीतून मागे हटले. येथे आमच्या बाजूच्या मंडळींनी जपून बोलावे. सक्ती सैल झाली म्हणून प्लेग हटला नाही. १९०७ या एकाच वर्षी हिंदुस्थानात तेरा लाखांच्या आसपास माणसे दगावली. वाढ सैलपणामुळे झाली असेही म्हणवत नाही, कारण पिसवेला ना सैनिक अडवू शकत होता, ना सवलत बोलावू शकत होती. टोचणीही ऐच्छिक होती म्हणून निर्धोक ठरली नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनवर ठपका आला आणि तो पुसायला १९०७ साल उजाडले. मात्र तिथे निदान चौकशी झाली, बाटली कोणती हे शोधले गेले, दोष कोणाचा यावर शास्त्रज्ञ जाहीरपणे भांडले. पुण्यातील घरझडतीविषयी असे काही झाले नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीत हाच कायदा लागू केला. त्याच वर्षी संसदेने त्यात दुरुस्ती केली. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली आणि ती रास्तच होती. चौथे कलम होते तसेच राहिले.