दौंडला ऐकू आलेले इंग्लंड : एका तारेवरून ओळीने जाणाऱ्या खुणांचा इतिहास

१/ दौंड म्हटले की रेल्वे जंक्शन डोळ्यांसमोर येते. १९२७ साली मात्र या गावाकडे आणखी एक काम आले : इंग्लंडहून आकाशमार्गे येणारे संदेश ऐकण्याचे. आजचा हौशी रेडिओचालक आपला संच संगणकाला जोडताना ज्या प्रश्नांशी झुंजतो, त्यांची पूर्वपीठिका या कामात सापडते. हा धागा त्याविषयी.

२/ १८७० पासून मुंबई आणि लंडन समुद्रतळाच्या केबलने जोडलेले होते. केबल महाग आणि खाजगी कंपन्यांच्या हाती. १९२४ साली ब्रिटिश पोस्ट खात्याने मार्कोनी कंपनीशी करार केला आणि लघुलहरींचा झोत एकाच दिशेने सोडणारी ‘बीम’ पद्धत साम्राज्यभर नेण्याचे ठरले. या पद्धतीच्या अँटेनांमागे चार्ल्स फ्रँकलिन या अभियंत्याचे संशोधन होते.

३/ भारतात हे काम इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीकडे आले. प्रक्षेपण केंद्र खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला. समुद्रापलीकडे ग्रिम्सबीजवळील टेटनी येथून प्रक्षेपण होई आणि स्केगनेसजवळील विंथॉर्प येथे ग्रहण. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि सम्राट पंचम जॉर्ज यांच्यात शुभेच्छासंदेशांची देवाणघेवाण होऊन या मार्गाचे उद्घाटन झाले.

४/ दोन केंद्रे इतकी दूर का? हजारो किलोमीटर ओलांडून आलेला संकेत अत्यंत क्षीण असतो. शेजारीच प्रबळ प्रक्षेपक चालू असेल, तर नगाऱ्यापुढे टिमकीची जी गत होते तीच त्याची होणार. म्हणून बोलणारे तोंड खडकीला आणि ऐकणारा कान सुमारे ७५ किलोमीटरवरच्या दौंडला.

५/ संदेश हाताने ठोकला जात नसे. मोर्सच्या खुणा आधी कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटवत. व्हीटस्टनच्या यंत्रातून फीत सरकली की छिद्रांप्रमाणे विद्युत्प्रवाह चालू-बंद होई. पलीकडे शाईची नागमोडी रेघ दुसऱ्या फितीवर उमटे आणि माणूस ती वाचून अक्षरे टंकित करी. एकच मार्ग, त्यावरून एकामागून एक जाणाऱ्या खुणा. आज ज्याला ‘सिरियल’ संदेशवहन म्हणतात, त्याचे तत्त्व हेच.

६/ करारातील अपेक्षित वेग मिनिटाला १०० शब्दांचा होता. मोर्सचा प्रमाण शब्द ५० कालमात्रांचा धरतात. म्हणजे मिनिटाला ५,००० मात्रा, सेकंदाला सुमारे ८३. वेग थोडा चुकला, रेघ किंचित ताणली गेली, तरी वाचणारा डोळा सांभाळून घेई.

७/ वाचणाराही यंत्रच झाला, तेव्हा ही सवलत संपली. फ्रेंच अभियंता एमिल बोदो याने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षराला पाच समान मात्रा देणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्या नावावरूनच ‘बॉड’ हे एकक आले. पुढे टेलिप्रिंटरने अक्षराआधी ‘स्टार्ट’ आणि अक्षरानंतर ‘स्टॉप’ अशी खूण जोडली. आता दोन्ही टोकांनी वेग, मात्रांची संख्या आणि विरामाची लांबी आधीच ठरवून घेणे अनिवार्य झाले.

८/ तांत्रिक कराराइतकाच महत्त्वाचा होता मालकीचा करार. स्वस्त बीमसेवेपुढे केबल कंपन्या डगमगल्या. १९२९ मध्ये लंडनमध्ये केबल आणि बिनतारी यांचे एकत्रीकरण झाले, १९३२ मध्ये भारतातही. भारताचा परदेशांशी होणारा हा संवाद १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ताब्यात घेईपर्यंत कंपनीच्याच हाती राहिला.

९/ सामान्य नागरिकाचे काय? १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द झाले. ज्या विद्येवर साम्राज्याचा व्यवहार चाले, ती नागरिकाच्या हाती धोकादायक ठरली. स्वतंत्र भारतात हौशींना पुन्हा परवाने मिळू लागले. पुढे १९७८ चे हौशी सेवेचे नियम आले. परीक्षा देऊन मिळणारा परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम ही आजच्या हौशीची ओळख.

१०/ आता दौंडहून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात या. तेथील एखाद्या हौशीने लॅपटॉपवरून रेडिओसंचाची वारंवारिता बदलायची ठरवली, तर त्याला काही गोष्टी जुळवाव्या लागतात : पोर्ट, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. १९६० च्या आरएस-२३२ मानकाने संगणकयुगात रूढ केलेली ही भाषा टेलिप्रिंटरच्या स्टार्ट-स्टॉपचीच वंशज आहे.

११/ यासूच्या एफटी-८१७ या संचाचे उदाहरण घेऊ. वेग ४८०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, दोन स्टॉप बिट. प्रत्येक आज्ञा पाच बाइटची. १४.०७४ मेगाहर्ट्झसाठी ०१ ४० ७४ ०० हे चार बाइट आणि शेवटी ०१ ही आज्ञा. स्टार्ट-स्टॉप धरून प्रत्येक बाइट ११ बिटांचा. एकूण ५५ बिट, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात १९२७ च्या त्या वेगाने मोर्सची एकच मात्रा गेली असती!

१२/ करार मोडला की काय होते? बॉड रेट चुकला तर संच गप्प राहतो. आयकॉमच्या संचांना प्रत्येकाचा पत्ता असतो. तो चुकला तर आज्ञा पोहोचूनही संच तिच्याकडे दुर्लक्ष करतो. काही जोडण्यांत तर पोर्ट उघडताच संगणक एक नियंत्रक तार ‘चालू’ करतो आणि संच नकळत प्रक्षेपणाला लागतो. म्हणून जाणते लोक पहिली चाचणी अँटेनाऐवजी डमी लोड लावून करतात.

१३/ दौंडच्या ग्रहण केंद्राचा वेग आणि मार्ग कंपनी व सरकार यांच्या करारात ठरत होता. शिरूरच्या हौशीसाठी तीच माहिती संचाच्या पुस्तिकेत छापलेली असते. परवाना हाती असलेला कोणीही ती वाचून आपले दोन टोकांचे नाते स्वतः जुळवू शकतो. यंत्रे वेगवान झाली हे खरेच. पण या इतिहासातील मोठा बदल असा की, करार लिहिण्या-वाचण्याचा अधिकार कंपनीच्या कचेरीतून नागरिकाच्या टेबलापर्यंत आला.